पावती कुठे फाटते, माणूस कुठे मरतो

सिन्नर हे वाटांवर बसलेलं गाव. नाशिक-पुणे रस्ता गावाला खेटून जातो. मुंबईचा माणूस घोटीकडून येऊन इथूनच शिर्डीची वाट धरतो. 2023 च्या मे महिन्यात समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून समृद्धीही तालुक्यातून धावते आणि गोंद्याला तिच्यावर चढता-उतरता येतं. मुसळगाव आणि माळेगावच्या वसाहतींत पाळी सुटली की कामगारांच्या दुचाकींचा लोंढा बाहेर पडतो. त्यात भर म्हणजे कांद्याचे पिकअप, हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेल्या मोटारसायकली, साईभक्तांच्या लक्झरी आणि मुंबईहून पायी निघालेल्या पालख्या. इतकी विजोड रहदारी एका तालुक्याच्या वाट्याला क्वचितच येत असेल. साहजिकच वाहतूक पोलिसांविषयी इथल्या प्रत्येकाला मत आहे, आणि ते बहुतेक एकच आहे: ‘यांना दुसरी कामं नाहीत का? चोर मोकाट, आणि आमच्या पावत्या फाडतात.’

ही तक्रार अर्धी खरी आहे. मात्र ज्या अर्ध्यावर लोक जोर देतात तो अर्धा चुकीचा आहे. हेल्मेट, ट्रिपल सीट, उलट्या बाजूने गाडी घालणं या फालतू गोष्टी आहेत आणि पोलिसांनी त्या सोडून द्याव्यात, असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एखादा नियमभंग किरकोळ की जीवघेणा, हे कायद्याच्या कलमावरून ठरत नाही. तो कुठे घडला, किती वाजता घडला आणि तिथे गाड्यांचा वेग किती होता, यावरून ते ठरतं. आमचे पोलीस नेमके तिथे उभे असतात जिथे ती चूक सर्वात कमी धोक्याची असते.

सकाळी अकराच्या सुमारास गावातल्या कुठल्याही मोठ्या चौकात थांबून पाहावं. दोन होमगार्ड, एक हवालदार, हवालदाराच्या हातात ई-चलनाचं मशीन. रस्ता इतका तुंबलेला की दुचाकी पाय टेकत टेकत पुढे सरकतेय. खताच्या दोन गोण्या टाकीवर घेऊन आलेला एक म्हातारा बाजूला घेतला जातो. डोक्याला टोपी, हेल्मेट नाही. ‘बाबा, लायसन दाखवा.’ ‘साहेब, इथंच गावात आलो व्हतो, सोसायटीत.’ लायसन घरी राहिलेलं. मग नंबर प्लेटचा फोटो, गाडी नातवाच्या नावावर, मोबाइल नंबर कुणाचा तरी तिसऱ्याचाच. ‘काही तरी मिटवा ना साहेब.’ ‘आता मशीन आहे बाबा, आमच्या हातात काही नाही.’ हे सगळं चालू असताना मागे एस.टी. अडकते, रिक्षावाले हॉर्न वाजवतात, आणि ज्या कोंडीसाठी म्हणून पोलीस उभे केले ती कोंडी त्या कारवाईनेच वाढते. म्हातारा निघून जातो. दंड भरला जाईल की नाही, कुणालाच माहीत नाही. या साऱ्या खटाटोपातून एक मिनिटभरही कुणाचा जीव अधिक सुरक्षित झालेला नसतो.

आता याच तालुक्यातल्या दोन तारखा. 13 जानेवारी 2023 च्या सकाळी सिन्नर-शिर्डी महामार्गावर पाथरे गावाजवळ अंबरनाथकडून शिर्डीला निघालेली साईभक्तांची खासगी बस आणि ट्रक यांची समोरासमोर धडक झाली. दहा माणसं गेली. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर 2022 मध्ये, मोहदरी घाटात एका कारचा टायर फुटला, कार दुभाजक ओलांडून पलीकडच्या गाड्यांवर गेली, आणि पाच तरुण विद्यार्थी गेले. यांतला एकही मृत्यू चौकातल्या हेल्मेट तपासणीने टळला नसता. रात्रभर गाडी हाकणारा चालक, लक्झरीचा वेग, झिजलेले टायर, बिनदिव्यांची वाहनं ही तपासणी वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळी करावी लागते. ती अवघड असते, अंधारात असते, आणि तिथे मशीनवर पटापट आकडे चढत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच.

म्हणून हेल्मेट सोडून द्यावं का? अजिबात नाही. इथे मला माझ्या गावकऱ्यांशी आणि पुण्याच्या बाणेदार मंडळींशीही भांडावं लागतं. जानेवारी 2019 मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा तिथे रीतसर हेल्मेटविरोधी कृती समिती लढली. मान दुखते, ऐकू येत नाही, शहरात वेगच नसतो, हेल्मेट ठेवायचं कुठे, अशा युक्तिवादांची रांग लागली. त्यातला ‘शहरात वेगच नसतो’ हा मुद्दा तेवढा विचार करण्यासारखा होता. बाकी सगळी अस्मिता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसं रस्त्यांवर मेली. त्यांत चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती, आणि 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्या पन्नास हजारांतले 14,337 तर मागे बसलेले होते: बायको, आई, कॉलेजात सोडायला नेलेली मुलगी. नीट बसणाऱ्या हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. या आकड्यांपुढे ‘मान दुखते’ म्हणणाऱ्याशी काय बोलायचं?

पण हीच मंत्रालयाची आकडेवारी पुढे वाचावी. त्याच वर्षी मेलेल्यांपैकी सुमारे 36 टक्के राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर मेले, आणखी 24 टक्के राज्य महामार्गांवर. म्हणजे देशातल्या रस्त्यांच्या एकूण लांबीचा अगदी छोटा तुकडा असलेल्या या रस्त्यांवर दर पाचातली तीन मरणं होतात. आणि मृत्यूंच्या कारणांत एकाहत्तर टक्क्यांवर एकटा वेग आहे. वेगाचं गणित शाळेतलं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तीस किलोमीटरने चाललेल्या गाडीने ठोकरलेला पादचारी बहुतेकदा वाचतो, साठने चाललेल्या गाडीने ठोकरलेल्याच्या मरणाचा धोका त्याहून कितीतरी जास्त असतो. त्यामुळे भाजी बाजारातून पाय टेकत जाणाऱ्या माणसाचं उघडं डोकं आणि रात्री नऊ वाजता मुसळगावहून बायपास धरणाऱ्या कामगाराचं उघडं डोकं यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम एकच, 129, दंडही एकच. धोका मात्र कित्येक पटींनी वेगळा. पहिल्याला पकडून आपण कायदा राबवला असं म्हणता येईल. दुसऱ्याला अडवलं तर कदाचित एक घर वाचेल.

मग पोलीस पहिल्यालाच का पकडतात? त्यांना दुष्ट ठरवून हे सुटत नाही. कारणं साधी आहेत. चौकात गाडी आधीच मंद असते, हात केला की थांबते. हायवेवर भरधाव कंटेनरपुढे हात करायचा म्हणजे स्वतःचा जीव पणाला लावायचा; कर्तव्यावर असताना गाडीखाली गेलेल्या पोलिसांच्या बातम्या आपण वाचतोच. वेग मोजायला स्पीडगन लागते, दारू तपासायला यंत्र लागतं, ट्रक उभा करायला जागा लागते, रात्री उजेड लागतो. हेल्मेट नाही हे पाहायला नुसते डोळे पुरतात. त्यात मनुष्यबळाची रड आहेच. सिन्नर, एमआयडीसी आणि वावी या ठाण्यांतल्या माणसांना शिर्डीला येणाऱ्या व्हीआयपींचा बंदोबस्त, यात्रा, मोर्चे, गणपती, निवडणुका या सगळ्यांतून उरलेल्या वेळात वाहतूक पाहायची असते. दमलेला माणूस सोपं काम आधी उरकतो. आपणही तेच करतो.

यावर कळस म्हणजे कामाची मोजणी. पोलिसाने दिवसभरात किती केसेस केल्या, किती दंड वसूल झाला, हे मोजता येतं म्हणून तेच मोजलं जातं. किती अपघात झाले नाहीत, हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ‘टार्गेट’ हा शब्द कागदावर सापडणार नाही, पण मार्च जवळ आला की चौकाचौकांत पोलीस का वाढतात, हे सिन्नरमधल्या पानवाल्यालाही ठाऊक असतं. बरं, इतकं करून पैसा तरी येतो का? राज्यात ई-चलनाच्या न भरलेल्या दंडाची रक्कम दोन हजार कोटींच्या पलीकडे गेली. लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून लोक थांबतात, आणि थांबणाऱ्याचाच फायदा होतो. ज्याने पहिल्याच दिवशी निमूट पैसे भरले तो मूर्ख ठरतो. 2025 च्या जुलैत मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध चक्का जाम केला. त्याच सुमारास पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर वाहनांचे फोटो काढू नयेत, असा आदेश वाहतूक विभागाच्या वरिष्ठांना काढावा लागला. यंत्रणा किती खालच्या पातळीला आली होती, हे सांगायला तो आदेशच पुरेसा आहे.

इटलीच्या बेकारियाने 1764 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात मांडलं होतं की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिची जरब नव्हे. अडीचशे वर्षं अपराधशास्त्र ही गोष्ट तपासून पाहतंय आणि ती खोटी ठरलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात डिसेंबर 1982 मध्ये पोलिसांनी कुणालाही, कुठेही, कधीही थांबवून श्वासाची तपासणी सुरू केली, तेव्हा रस्त्यावरचे मृत्यू लगेच घसरले. दंड वाढल्यामुळे ते घडलं नाही. आज रात्री आपण पकडले जाऊ शकतो, हे प्रत्येकाला पटलं होतं. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. 2019 मध्ये केंद्राने मोटार वाहन कायद्यातले दंड वाढवले. महाराष्ट्राने विधानसभा निवडणूक तोंडावर असताना ते थोपवून धरले, आणि डिसेंबर 2021 मध्ये सुधारित दर लागू केले. वाद रकमेवर रंगला. पकडलं जाण्याच्या खात्रीवर कुणी वाद घातला नाही. रात्री अकरानंतर सिन्नर-शिर्डी रस्त्यावर आपल्याला कुणी थांबवणार नाही, ही खात्री मात्र प्रत्येक लक्झरीवाल्याला आहे.

पोलिसांच्या बाजूने एक वजनदार मुद्दा मांडला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. किरकोळ कारणासाठी थांबवलेल्या गाडीतून मोठा गुन्हेगार सापडतो, हा तो मुद्दा. अमेरिकेत 1995 च्या एप्रिलमध्ये ओक्लाहोमा शहरात बॉम्बस्फोट घडवून 168 जणांचा जीव घेणारा टिमथी मॅक्व्हे दीड तासाच्या आत पकडला गेला. त्याच्या गाडीला मागची नंबर प्लेट नव्हती, एवढ्या कारणावरून एका हायवे पोलिसाने त्याला थांबवलं होतं. आपल्या जिल्ह्यातही नाकाबंदीत चोरीच्या मोटारसायकली आणि गुटख्याची पोती सापडतात. नाकाबंदी म्हटलं की मराठी माणसाला 26/11 च्या रात्रीचे तुकाराम ओंबळे आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण गिरगाव चौपाटीवरची ती नाकाबंदी आल्या-गेल्याच्या पावत्या फाडायला लावलेली नव्हती. चोरलेल्या स्कोडाची माहिती मिळाली होती आणि तिच्यासाठी पोलीस सज्ज उभे होते. माहितीवर आधारलेली नाकाबंदी आणि सवयीने लावलेली नाकाबंदी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सवयीच्या नाकाबंदीत चोर सापडतो तोही योगायोगाने. शिवाय चोरालाही ठाऊक असतं की सकाळी अकराला कुठे पोलीस असतात. तो कच्च्या रस्त्याने जातो. सापडतो तो खताच्या गोण्या आणायला आलेला म्हातारा.

हा प्रश्न जगात इतरत्रही पडला आणि काहींनी त्याचं उत्तर शोधलं. अमेरिकेतल्या फेयेटव्हिल या शहराच्या पोलीस प्रमुखाने 2013 नंतर आपल्या माणसांना सांगितलं की फुटलेला दिवा, संपलेली नोंदणी यांसाठी गाड्या थांबवणं कमी करा आणि वेग, लाल सिग्नल, दारू यांवर भर द्या. पुढच्या काही वर्षांचा अभ्यास झाला तेव्हा तिथे अपघातातले बळी कमी झालेले दिसले, आणि गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. दुसरं टोक म्हणजे अमेरिकेतलंच फर्ग्युसन. 2014 मध्ये तिथे एक तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, गाव पेटलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने 2015 मध्ये दिलेल्या अहवालात उघड झालं की त्या नगरपालिकेच्या बजेटात दंडाच्या पैशांचा मोठा वाटा धरलेला होता आणि पोलिसांची कामगिरी त्यांनी फाडलेल्या पावत्यांवर जोखली जात होती. तिथला वंशाचा प्रश्न वेगळा. तो आपल्याकडे उचलून आणण्यात अर्थ नाही. पण पावती हा उत्पन्नाचा मार्ग झाला की पोलीस आणि गाव यांच्यात काय उरतं, हे तिथे दिसलं.

आपल्याकडे वंशाच्या जागी ऐपत आहे. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोघांना उडवलं. नंतर कळलं की त्या महागड्या गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती. 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्याने देश संतापला, आणि ते रास्तच होतं. मला मात्र त्या 1,758 रुपयांनी जास्त छळलं. बिननंबरची स्प्लेंडर सिन्नरच्या आडव्या फाट्यावरून पहिल्या चौकापर्यंतही जाऊ शकत नाही. बिननंबरची पोर्शे पुण्याच्या रस्त्यांवर फिरत होती. जी चूक खरोखर ‘किरकोळ’ होती ती त्या रात्री अडवली असती तर दोन जीव वाचले असते. याचा अर्थ बारीकसारीक नियम निरर्थक आहेत असा होत नाही. हे नियम ज्याच्यावर राबवणं सोपं त्याच्यावर राबवले जातात आणि ज्याच्यावर राबवायला हवेत तो काच खाली न करता निघून जातो, असा होतो. दंडाचे पाचशे रुपये म्हणजे कंत्राटी कामगाराची अख्ख्या दिवसाची कमाई असते. पोर्शेवाल्याच्या खिशातून ते कधी गळाले हे त्याला कळणारही नाही. फिनलंडमध्ये दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो. तिथे 2002 मध्ये नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला पन्नासच्या जागी पंच्याहत्तरने मोटारसायकल चालवल्याबद्दल एक लाख सोळा हजार युरोंचा दंड झाला होता. अपिलात तो बराच कमी झाला, पण तत्त्व शाबूत राहिलं. आपल्याकडे असं काही होईल असं मला वाटत नाही. तरी दंड सर्वांना सारखा म्हणजे न्याय सारखा, हा भ्रम तेवढा सोडावा.

इथवर वाचून सिन्नरकर खुश झाले असतील, म्हणून आता आमच्याबद्दल थोडं. गावातला सर्वात घातक आणि सर्वात मान्यताप्राप्त नियमभंग म्हणजे राँग साइड. हायवे चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि रस्त्यापलीकडचं स्वतःचं शेत दोन-दोन किलोमीटर लांब गेलं. पेट्रोलचे पैसे वाचवायला माणूस कडेकडेने उलटा जातो, समोरून येणाऱ्याला दिवे मारून बाजूला व्हायला सांगतो, आणि वर ‘इथं पुढेच वळायचंय’ म्हणतो. ढाबेवाले, पंपवाले दुभाजक फोडून गाड्यांसाठी वाट करून घेतात. अशा पंक्चरमधून ट्रॅक्टर एकदम मधोमध अवतरतो. हे बेकायदा पंक्चर बुजवायला यंत्रणा येते तेव्हा गावच आडवं पडतं. आणि उसाची ट्रॉली! मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, अंधारात ताशी पंधराने सरकणारं डोंगरभर वजन. मागून येणारा मोटारसायकलवाला तिच्यात घुसतो तेव्हा त्याला ती दिसलेलीच नसते. ट्रॉलीला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला काही रुपये लागतात. ही चूक कायद्याच्या भाषेत किरकोळच म्हणायची, आणि महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात दर हंगामात ती माणसं मारते. तरी ट्रॉल्या अडवायच्या म्हटलं की कारखाना, शेतकरी, पुढारी सगळे एका सुरात बोलतात. तिथे पोलिसांनी कडक व्हावं, अशी मागणी घेऊन गेलेला मोर्चा मी पाहिलेला नाही.

उलटा जाणारा शेतकरी दोषी आहे. पण दोन किलोमीटरवर वळण ठेवणारा माणूस कोण होता, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. अपघाताची फिर्याद पाहावी. वर्षानुवर्षं एकच साचा: वाहन भरधाव वेगाने, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवले. पूर्वी कलम 279 आणि 304-अ, आता भारतीय न्याय संहितेचं 281 आणि 106. आरोपीच्या रकान्यात नेहमी चालक. ज्या रस्त्याच्या परिस्थितीकडे त्याने दुर्लक्ष केलं, ती परिस्थिती कुणी निर्माण केली, याला रकानाच नाही. मग वर्षअखेर आकडे काढले की एकाहत्तर टक्के मृत्यू वेगामुळे, असं निघतं. वेग मारतोच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्या टक्क्यांत अर्धवट बोगदा, न लावलेला फलक, बंद पथदिवा, अचानक संपणारी सेवा वाट हेही गिळले गेले आहेत. गंमत म्हणजे 2019 च्या दुरुस्तीने यासाठी कायद्यात एक कलम घातलेलं आहे: 198-अ. रस्त्याच्या आराखड्यात, बांधकामात किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू वा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरणाला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. खताच्या गोण्या नेणाऱ्या म्हाताऱ्याला लागणारं कलम इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. हे कलम लागलेला एखादा अभियंता कुणी सिन्नरकराने पाहिला असल्यास त्याने हात वर करावा.

आणखी एक क्रूर गोष्ट. एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायची तर राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत प्राणघातक किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू व्हावे लागतात. म्हणजे रस्ता दुरुस्त व्हायला आधी पाच मोठे अपघात व्हायला हवेत, नाहीतर दहा तिरड्या उठायला हव्यात. फाट्यावरच्या टपरीवाल्याला ती जागा पहिल्या महिन्यातच कळलेली असते.

नाशिक शहरात 15 ऑगस्ट 2021 पासून तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं. पंपावर एकाकडून उसनं हेल्मेट घ्यायचं, पेट्रोल भरून दुसऱ्याला द्यायचं, असला तमाशा काही ठिकाणी झाला, आणि आयुक्तालयाची हद्द संपली की नियमही संपत होता. म्हणजे जिथे वेग वाढतो तिथून पुढे हेल्मेट काढून हँडलला लटकवायचं. सक्तीमागचा हेतू चांगला होता. पण हेल्मेट डोक्यासाठी असतं ही गोष्ट त्यात मागे पडली आणि ते पंपावर दाखवायचं तिकीट झालं. जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवण्याचंही तेच. मुदत पुन्हा पुन्हा वाढली, लोकांनी ओळखलं की शेवटची तारीख ही शेवटची नसते. अशा कागदी नियमांवर जितकी ताकद खर्च होते तितका लोकांच्या मनात समज पक्का होतो की वाहतुकीचे सगळेच नियम असले. दारूच्या तपासणीलाही मग लोक याच नजरेने पाहतात. चौकातल्या फुकाच्या कारवाईचं खरं नुकसान इथे होतं.

काय करता येईल, ते अगदी गावापुरतं सांगतो. पोलिसांकडे दोन नोंदी तयार आहेत. अपघात झाला की त्याची जागा आणि वेळ केंद्राच्या ‘आयरॅड’ या प्रणालीत मोबाइलवरून भरली जाते. चलन फाडलं की मशीनमध्ये त्याचीही जागा आणि वेळ चढते. या दोन याद्या तालुक्याच्या नकाशावर एकमेकींवर ठेवल्या तर काय दिसेल, याचा अंदाज सिन्नरमधलं कुणीही करू शकेल: चलनांचे ठिपके गावात, दिवसा, मरणांचे ठिपके गावाबाहेर, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. ठिपके असेच पडत असतील तर पहिलं काम नवा माणूस भरायचं नाही. आहेत त्यांतले चार जण सकाळी अकराच्या चौकातून काढून संध्याकाळी पाळी सुटताना मुसळगावच्या तोंडाशी आणि पहाटे शिर्डी रस्त्यावर उभे करणं, हे आहे. तिथे हेल्मेट जरूर तपासा, एकालाही सोडू नका. लक्झरीच्या चालकाला खाली उतरवून श्वास तपासा, टायर पाहा. हंगाम सुरू व्हायच्या आधी साखर कारखान्यांच्या आवारातच ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून घ्या; ज्या ट्रॉलीला नाही तिचा ऊस वजनकाट्यावर घेऊ नका, म्हणजे पोलिसाला रस्त्यावर भांडावं लागणार नाही. गावात दोन माणसं राहू द्या, पण मशीनशिवाय, फक्त एस.टी.ला वाट करून द्यायला.

यावर एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: गावातली कारवाई थांबली तर पोरं ट्रिपल सीट सुसाट फिरतील, कर्कश सायलेन्सर लावतील. फिरतील काही. शाळेसमोर, बाजारात सुसाट फिरणारा धोकादायकच. त्याला पकडाच, कारण तिथे वेग आहे आणि समोर लेकरं आहेत. मी जो निकष लावतोय तोच इथेही लागतो. वेग नाही तिथे टोपीवाल्या म्हाताऱ्याला समज देऊन सोडलं तर सरकारचा एक आकडा कमी होईल, एवढंच.

2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. पुण्याकडून आणि शिर्डीकडून येणारी गर्दी सिन्नरवरूनच जाईल, अनोळखी चालक, रात्रीचा प्रवास, भाड्याच्या गाड्या, रस्त्याकडेला झोपलेली माणसं. घाटांची, तंबूंची, पार्किंगची आखणी कागदांवर चालू आहे. त्याच कागदांत या तालुक्यातल्या ठाण्यांच्या कामाची मोजणी बदलण्याचा एक ओळीचा आदेश घालायला पैसा लागत नाही: दर महिन्याला किती पावत्या फाटल्या, हे न विचारता हद्दीत किती माणसं मेली आणि ती जिथे मेली तिथे, त्या वेळेला, किती पोलीस उभे होते, हे विचारायचं. आणि दोन्ही आकडे ठाण्याच्या दारावरच्या फळ्यावर लिहायचे, म्हणजे पावतीवरून चिडून आत जाणाऱ्या माणसाला ते आधी वाचावे लागतील.